हा झांग लूप, लोकल रायडरच्या मागे बसून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनामच्या उत्तर टोकाला बाइकवरून जाऊन आल्यापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार.

हे नक्की आहे कुठे?

हनोईच्या उत्तरेला साधारण 300 किमी, एकदम चीनच्या बॉर्डरला चिकटून. हा झांग (आपल्याकडे बरेच जण हा गियांग लिहितात) हा वेगळा प्रांत होता, पण 1 जुलै 2025 पासून तो तुयेन क्वांग प्रांतात विलीन झालाय, त्यामुळे नवीन नकाशात प्रांताचं नाव सापडलं नाही तर घाबरू नका, गाव तिथेच आहे आणि बसवाले अजून हा झांगच म्हणतात. इथून वर चढलं की डोंग वानचं चुनखडीचं पठार लागतं, 2010 साली ते युनेस्कोच्या जिओपार्कच्या यादीत आलं. लूप म्हणजे हा झांग गावातून निघून क्वान बा, येन मिन, डोंग वान, मेओ वाक, डू जिया असं फिरून परत हा झांगला यायचं, सगळं मिळून साधारण 350 किमी. ऐकायला काहीच नाही वाटत ना? घाटात कळतं.

मी बुलेटवर लडाख केलंय, मग तिकडे कोणाच्या तरी मागे का बसू?

हा प्रश्न फक्त पुरुष विचारतात, असो.

तुम्ही उत्तम चालवत असाल, त्यावर वाद नाही. पण पहिली गोष्ट, तिकडे ट्रॅफिक उजव्या बाजूने. सरळ रस्त्याला तासाभरात सवय होते, पण आंधळ्या वळणावर समोरून सिमेंटचा ट्रक अंगावर आला की डोकं नाही, हात निर्णय घेतो, आणि हाताला वर्षानुवर्षं डावीकडे जायची सवय लागलेली असते. दुसरं म्हणजे रस्ते. काही ठिकाणी झकास डांबर, आणि पुढच्याच वळणाला दरड पडलेली, चिखल, रुंदीकरणाची खडी, मधेच म्हशी. हे सगळं आज कुठे आहे हे लोकल माणसाला माहीत असतं कारण तो चार दिवसांपूर्वीच तिथून गेलेला असतो.

आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यात मोठं वाटतं. स्वतः चालवलं तर तुम्ही रस्ता बघता. मागे बसलं तर दरी बघता, मक्याची शेतं बघता, दगडाच्या खाचेत मूठभर माती टाकून त्यात एकेक मक्याचा दाणा लावणारी बाई बघता, आणि खांद्यावर टॅप केलं की गाडी थांबते. एवढ्या लांब जाऊन चार दिवस पुढच्या टायरच्या दहा फूट पुढचं डांबर बघायचं असेल तर ताम्हिणी काय वाईट आहे.

लायसन्सचं काय? आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) काढलं की झालं ना?

नाही झालं. इथेच बहुतेक भारतीय फसतात. आपल्या आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल परमिट 1949 च्या जिनिव्हा कराराचं असतं, आणि व्हिएतनाम मानतं 1968 च्या व्हिएन्ना करारावालं. म्हणजे तुमच्या हातात पुस्तिका आहे, शिक्का आहे, फोटो आहे, पण चेकपोस्टवर त्याला किंमत नाही. बाइक भाड्याने देणारा काही विचारणार नाही, हसत चावी देईल, तो त्याचा धंदा आहे. दंड तुम्हाला बसणार. आणि दंडापेक्षा महत्त्वाचं, वैध लायसन्स नसताना चालवत असताना पडलात तर ट्रॅव्हल इन्शुरन्स सहसा हात वर करतो. मागे बसलात तर हा सगळा विषयच संपतो.

म्हणजे ते इझी रायडर वगैरे म्हणतात तेच का हे?

हो, तेच. एक माणूस, एक लोकल रायडर, एक बाइक. गाडी बहुतेक वेळा होंडाची 150 सीसी एक्सआर किंवा तसंच काहीतरी. तुमची बॅग मागच्या कॅरियरवर प्लॅस्टिकमधे गुंडाळून रबरी दोऱ्यांनी बांधतात, आणि असली घट्ट बांधतात की रात्री सोडवायला तोच लागतो. ग्रुपमधे गेलात तर चार-सहा गाड्यांचा ताफा, नाहीतर प्रायव्हेट पण करता येतं, थोडं महाग पडतं.

3 दिवस पुरतात का?

पुरतात, म्हणजे फिरून होतं. पण जमत असेल तर 4 दिवस 3 रात्री करा. 3 दिवसात रोज गाडीवर जास्त वेळ जातो, आणि सगळ्यात आधी जे कापलं जातं ते लुंग कू किंवा डू जिया, आणि दोन्ही कापण्यासारखं नाहीये. 2 दिवसांचं पॅकेज पण विकतात, ते घेऊ नका, घाटात नुसती शर्यत होते.

रोज काय काय बघतो? जरा डिटेलमधे सांगा

पहिला दिवस हा झांग सोडलं की बाक सुमचा घाट लागतो आणि लगेच हवा बदलते. वर क्वान बाला स्वर्गाचं दार म्हणून व्ह्यू पॉइंट आहे, खाली दोन गोल गुळगुळीत जुळ्या टेकड्या दिसतात, भाताच्या मधोमध उभ्या. तिथून खाली उतरून लुंग ताम गाव, तिथे मोंग नावाच्या डोंगरी जमातीच्या बायकांची विणकामाची सहकारी संस्था आहे. अंबाडीसारखं ताडमाड वाढणारं भांगेचं झाड असतं, त्याच्या खोडाची साल सोलून, तंतू एकाला एक जोडून सूत करतात, विणतात, निळीत बुडवतात. कापड मऊ आणि चमकदार व्हावं म्हणून एक बाई लाकडी ओंडक्यावर ठेवलेल्या सपाट दगडाच्या फळीवर उभी राहते आणि दोन पायांनी तो दगड डावी-उजवीकडे डोलवत राहते, खाली कापड रगडलं जातं. गाइड नसेल तर लोक इथे दहा मिनिटं फोटो काढून निघतात. गाइड त्यांच्यातलाच असेल तर बाई हात थांबवून दाखवते, धागा तुमच्या हातात देते, तो मात्र लगेच तुटतो.

दुसऱ्या दिवशी येन मिनच्या पुढे थाम मा घाट, तो फोटोत दिसणारा नागमोडी रस्ता. मग सा फिनला मोंग राजाचा वाडा. राजा म्हणजे वुओंग चिन डुक, अफूच्या व्यापारावर श्रीमंत झालेला सरदार, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाडा बांधला, खांबाच्या दगडी तळखड्यांना अफूच्या बोंडांचा आकार दिलाय, म्हणजे पैसा कुठून आला ते लपवायचं काही कारणच नव्हतं. तिथून लुंग कूचा झेंडा, उत्तर टोक. झेंडा 54 चौरस मीटरचा, देशातल्या 54 जमातींसाठी. वर उभं राहिलं की समोरची शेतं चीनमधली. पायथ्याला लो लो चाय गाव, मातीच्या जाड भिंतींची, कौलारू घरं. मुक्काम डोंग वान.

तिसरा दिवस मा पी लेंग. याबद्दल मी जास्त लिहीत नाही, फोटो बघितलेच असतील, पण रस्त्याची गोष्ट माहीत असू द्या. हा झांग ते मेओ वाक हा रस्ता 1959 ते 1965 मधे बांधला, बहुतेक सगळं हाताने, वेगवेगळ्या जमातींच्या तरुण स्वयंसेवकांनी. मा पी लेंगच्या कड्यावर तर पोरं दोरीला लटकून सुरुंगाची भोकं पाडत होती, तेवढ्या तुकड्याला 11 महिने लागले. नाव ठेवलंय सुखाचा रस्ता. घाटात त्यांचं स्मारक आहे, बहुतेक ग्रुप तिथे कॉफी प्यायला थांबतात. खाली न्यो क्वे नदी, हिरवीगार, धरणामुळे पाणी संथ झालंय म्हणून तू सान खिंडीत बोटीने जाता येतं. बोटीपर्यंत उतरणारा रस्ता फार तीव्र आहे, तिथे बऱ्याचदा खालच्या गावातले रायडर वेगळे घेतात, त्याचे पैसे पॅकेजमधे आहेत का ते आधीच विचारा.

चौथ्या दिवशी डू जिया, धबधबा, भातशेती, परत. जाताना दगड, येताना पाणी.

गाइड चांगला आहे की नाही हे आधी कसं कळणार?

पूर्ण कळत नाही, खरं सांगतो. पण काही गोष्टी विचारून अंदाज येतो. रायडर कुठल्या गावचा आहे ते विचारा. मोंग, ताय, दाओ अशा जमातींचे पोरं तिकडचेच असतात, त्यांची भाषा वाड्यावाड्यात चालते, शहरातून सीझनपुरता आलेल्याची चालत नाही. एका ग्रुपमधे किती गाड्या असतात विचारा, 8-10 च्या वर असतील तर ती वरात होते. रात्री कुठे ठेवतात, डॉर्म की रूम, होमस्टे खरंच कोणाच्या घरी आहे की 60 खाटांचं हॉटेल. आणि सीझनमधे अचानक जास्त गिऱ्हाईक आलं तर रायडर कुठून आणता, हे विचारा, या प्रश्नावर समोरचा अडखळला की समजून जा.

प्रत्यक्ष भेटल्यावर हेल्मेट बघा. काच ओरखडलेली, पट्टा सैल असेल तर बदलून मागा, लाजू नका. गुडघ्याचे, कोपराचे पॅड चांगल्या कंपन्या देतात. पहिल्या अर्ध्या तासात तो वळणावर हॉर्न मारतो का आणि आपल्या लेनमधे राहतो का बघा. वेग जास्त वाटला तर लगेच सांगा, तळवा खाली करून हळू हळू असा इशारा केला की कळतं. काही जणांना वाटतं पाहुण्याला थ्रिल हवंय म्हणून गाडी पळवायची, तुम्ही सांगितलं की उलट त्यांनाच बरं वाटतं.

एवढं मात्र डोक्यात ठेवा की तो ड्रायव्हर नाहीये. ओ चलो चलो, फोटो निकालो, बॅग उठाओ, हा जो आपल्याकडच्या काही ग्रुपचा टोन असतो तो तिकडे केलात तर तो हसून काम करेल, पण मग तुम्हाला फक्त रस्ता मिळेल, माणूस नाही मिळणार.

त्यांना इंग्लिश येतं का?

मोडकं तोडकं. काहींना उत्तम. चालत्या गाडीवर तसंही बोलता येत नाही, वारा असतो, आणि थांबल्यावर फोनमधलं ट्रान्सलेट वापरतात, त्यात भन्नाट विनोद होतात. जेवायला बसलात की त्याच्या गावाबद्दल, शेतीबद्दल विचारा, मोबाइलवर तो फोटो दाखवायला लागतो मग थांबतच नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी, उपाशी मरू का?

नाही, पण तयारी पाहिजे. आधी हे दोन शब्द पाठ करा: आन चाय. म्हणजे शाकाहारी. बुकिंग करताना सांगा, पहिल्या दिवशी गाइडला सांगा, आणि प्रत्येक जेवणाच्या आधी परत सांगा. व्हिएतनाममधे बौद्ध लोक पौर्णिमा-अमावस्येला असं जेवतात त्यामुळे हनोईत पटकन कळतं, पण वर डोंगरातल्या मोंग घरात ही भानगड नाही, तिथे मांस नको म्हणजे पैसे नाहीत का असा चेहरा होतो. शिवाय त्या शब्दात अंडं बसत नाही, तुम्ही अंडं खात असाल तर वेगळं सांगा, निदान ऑम्लेट तरी मिळेल.

ताटात काय येतं? भात (चिकट पण छान), टोफू टोमॅटोच्या रश्श्यात, लसूण घालून परतलेली पालेभाजी, काकडी, शेंगदाणे. खरी अडचण फिश सॉसची, तो न दिसता सगळीकडे असतो. न्युओक माम नको असं स्पष्ट सांगा, तरी शंभर टक्के खात्री मी देणार नाही, तुमचं जेवढं कडक असेल त्याप्रमाणे ठरवा. मेन मेन मिळालं तर खा, मक्याचं जाडसर पीठ वाफवून केलेलं, मोंग लोकांचं रोजचं अन्न, कोरडं लागतं, मेतकूट किंवा शेंगदाण्याची चटणी बरोबर असेल तर वाह. रस्त्याच्या कडेला बकव्हीटचे (म्हणजे कुट्टूचे) गोल जाडसर केक भाजून देतात, ते पण चालतात. थेपले, चटणी, लोणच्याची छोटी पाकिटं न्याच.

मांसाहारी लोकांची मजा आहे, काळी कोंबडी, धुरावलेलं डुकराचं मांस. बाजारात मोठ्या कढईत थांग को उकळत असतं, त्यात पारंपरिकरीत्या घोड्याचं मांस, विचारून खा. आणि हा झांग गावात रात्री आउ ताउची पेज मिळते, बचनागाच्या जातीचा विषारी कंद तासन्तास शिजवून विष उतरवतात, डुकराच्या पायाबरोबर. कडू असते. घरी प्रयोग करू नका हे वेगळं सांगायला नको.

रात्री दारूचा आग्रह होतो म्हणे?

होतो. मक्याची घरगुती दारू, पाण्याच्या बाटलीतून येते, सगळे छोटे कप उचलून मोत, हाय, बा, झो असं ओरडतात आणि मग हात मिळवतात. नंतर कराओके. नको असेल तर कपात पाणी घ्या आणि ओरडा जोरात, कोणी तपासत नाही. मुद्दा वेगळाच आहे: रायडर पण पितात. व्हिएतनाममधे चालवणाऱ्याच्या अंगात थोडीही दारू चालत नाही, 2020 पासून दंड जबरदस्त आहेत, पण सकाळी 8 ला डोंगरात कोण बघतंय. सकाळी रायडरच्या तोंडाला वास येत असेल, डोळे तारवटलेले असतील तर शांतपणे लीडरला सांगा की मला दुसऱ्याच्या मागे बसव. भीड अजिबात नको.

कधी जायचं?

सप्टेंबर शेवट ते नोव्हेंबर. सप्टेंबरात भात पिवळा होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बकव्हीटची गुलाबी फुलं, तेव्हा गर्दी पण तुफान. मार्च-एप्रिल चांगला. जून ते ऑगस्ट पाऊस, दरडी, आपल्या दिवाळी-मे च्या सुट्टीचा विचार केला तर दिवाळीच बेस्ट बसते. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि बोचरी थंडी, मा पी लेंगवर उभं राहून पांढरा पडदा बघून आलेले लोक आहेत. तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जानेवारी-फेब्रुवारीत येतं, तेव्हा बरंच बंद असतं. आणि जमलं तर रविवार डोंग वान किंवा मेओ वाकला पडेल असं बघा, आठवडी बाजार असतो, पहाटेपासून लोक डोंगर उतरून येतात.

आई-बाबांना नेऊ का? वय 60 च्या पुढे आहे

रोज पाच-सहा तास मागच्या सीटवर, उतारावर अंग पुढे घसरतं, मांड्या आणि कंबर बोलायला लागते. गुडघे-मणका ठीक असेल तर नेणारे नेतात. नाहीतर जीपचा ऑप्शन आहे, उघड्या टपाच्या जीप असतात, तोच रूट. तुम्ही बाइकवर, ते जीपमधे, संध्याकाळी एकाच होमस्टेला. हे सगळ्यात बरं.

एकटी मुलगी गेली तर?

खूप जणी जातात, जगभरातल्या. ग्रुपमधे जा, प्रायव्हेट रूम आधीच लिहून घ्या, आणि मागे बसताना रायडरला धरावं लागत नाही, सीटमागचं कॅरियर धरायचं, ते जास्त स्थिर पण असतं. काही ठिकाणी बायका रायडर पण आहेत, संख्येने कमी, लवकर मागणी करावी लागते. दारूच्या रात्रीचं वर लिहिलंय तेच लागू, थोडं जास्तच लागू.

खर्च?

इझी रायडर, जेवण, मुक्काम धरून 3-4 दिवसांचं साधारण 150 ते 250 डॉलरच्या मधे कुठेतरी बसतं, सीझन आणि खोलीवर अवलंबून. ई-व्हिसा सिंगल एंट्रीला 25 डॉलर, सरकारी साइटवरूनच काढा. रुपयाला साधारण 300 डोंग धरा. नोटा नीट बघा, 20 हजाराची आणि 5 लाखाची दोन्ही निळ्या, अंधारात पाणी घेताना 5 लाखाची दिली तर सतराशे रुपयांची बाटली पडेल. एटीएम हा झांग, येन मिन, डोंग वान, मेओ वाकला आहे, मधल्या गावांत रोख लागते. रायडरला शेवटच्या दिवशी टिप द्या, हातात, लीडरकडे एकत्र देऊ नका.

रस्त्यात टोपलीत फुलं घेऊन पोरं उभी असतात, त्यांना पैसे द्यायचे का?

नाही. थाम मा घाटात वगैरे दिसतात, पाठीवर फुलांची टोपली, फोटो काढला की हात पुढे. गोड दिसतात मान्य आहे, पण पैसे मिळतात म्हणून ती पोरं उन्हा-थंडीत रस्त्यावर उभी असतात. चॉकलेट पण नको. द्यायचंच असेल तर त्यांच्या आईकडून, आजीकडून काहीतरी विकत घ्या. घरात शिरायच्या आधी गाइडला विचारा, मोठ्या माणसांचा फोटो काढताना मान हलवून परवानगी घ्या.

सामान काय न्यायचं?

कमी. मोठी बॅग हा झांगच्या ऑफिसात ठेवतात, बरोबर एक सॅक. चांगला रेनसूट, ग्लव्हज, घट्ट बूट, मफलर, सनस्क्रीन, गाडी लागत असेल तर गोळी. ऑक्टोबरात पण रात्री जॅकेट लागतं. सिम व्हिएटेलचं घ्या, डोंगरात तेच चालतं.

पडलो तर?

तालुक्याच्या गावांत दवाखाने आहेत, मोठं काही झालं तर हा झांग किंवा थेट हनोई, म्हणजे कित्येक तास. म्हणून इन्शुरन्स घेताना एकच ओळ शोधा: मोटरसायकलवर मागे बसलेला प्रवासी कव्हर आहे का, किती सीसीपर्यंत. एजंट हो हो म्हणेल, लेखी मागा.

हनोईहून कसं जायचं, आणि परत आल्यावर त्याच रात्रीची फ्लाइट पकडता येईल का?

स्लीपर बस किंवा लिमोझिन व्हॅन, 6-7 तास. बसमधे चढतानाच बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे, आणि उंची 5 फूट 9 च्या वर असेल तर पाय दुमडून झोपायची तयारी ठेवा. जमलं तर दिवसाची बस घ्या, वाटेत वी शुयेनला सैनिकांची मोठी दफनभूमी आहे, 1979 नंतर चीनबरोबर जी लढाई या डोंगरात पुढची दहा वर्षं चालली त्यातले.

आणि फ्लाइटचं, नका करू. लूप दुपारी 3-4 ला संपतो, संध्याकाळची बस हनोईला रात्री 11 नंतर टेकते, विमानतळ अजून पुढे, आणि दरड पडली तर सगळंच उद्यावर. एक रात्र हनोईत ठेवा, अंघोळ करा, फो म्हणजे नूडल्सचं सूप खा (शाकाहारी मिळतो), दुसऱ्या दिवशी निघा.